इच्छा नसल्याचा पंचनामा

आमचे शेजारी शामूअण्णा पंचनाम्याशिवाय काही करत नाहीत. जन्म ग्रामसेवकीत गेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खिशातलं पेन सुटलेलं नाही. मांजरानं दूध सांडलं की आधी पंचनामा, मग फडकं. माझ्या आंब्याची फांदी त्यांच्या अंगणात गेली, तेव्हा "फळे एकूण सात, पैकी पिकलेली दोन" असा कागद करून त्यांनी माझी, म्हणजे शाळामास्तरची, सही घेतली. पिकलेले दोन आम्ही पंचांनीच खाल्ले.

अशा माणसाला साखरेच्या आजारानं नको तिथं दुखणं दिलं. डॉक्टर म्हणाले, सुंता करावी लागेल. अडुसष्टाव्या वर्षी! दुसरा असता तर तोंड लपवून बसला असता. अण्णांनी विमा कंपनीचं पत्र टपरीवर खड्या आवाजात वाचलं : "सदर शस्त्रक्रिया ऐच्छिक असल्याने खर्च देता येत नाही."

"ऐच्छिक? मला ह्या वयात हौस आलीया व्हय?"

टपरीत दोन तट पडले. दूधवाला सर्जेराव म्हणाला, "हौसंचा बी इमा द्याय लागला तर मी टकलावर क्यास लावून घेतो. हप्तं तुमी भरा."

रसूलभाई शिंप्यांनी शांतपणे बशी खाली ठेवली. "आण्णा, आमच्यात ल्हानपणीच उरकत्यात. खर्च खिशातला, वर पावण्यांना बिर्याणी. इमा कवा मागितला न्हाई."

"तुमची ती रीत हाय, माझं हे दुखणं हाय. दोन्हीला एकच रकाना कसा?"

हे मला पटलं. अण्णांचं म्हणणं क्वचित पटतं, म्हणून सांगून ठेवतो.

त्याच बाकावर पंचनामा झाला. "सदर इसमास सुंता करून घेण्याची कोणतीही इच्छा नाही, याची आम्ही पंचांनी समक्ष विचारून खात्री केली." पहिली सही रसूलभाईंची, मग आम्हा चौघांच्या. एक प्रत कंपनीला आणि एक सांगलीच्या डॉक्टरांना. ही दुसरी प्रत नडली. डॉक्टरांच्या संमतीपत्रात पहिलाच शब्द होता "स्वेच्छेने".

"पाच माणसं सांगतायत तुमची इच्छा नाही. मी हात कसा लावू?" डॉक्टर म्हणाले. तरी त्यांनी दुखण्याचं कारण कंपनीला सविस्तर लिहून पाठवलं.

"इच्छा हाय म्हटलं की इमा पळतोय, न्हाई म्हटलं की डाक्टर," असं अण्णा गावभर सांगत फिरले. दोन महिने गेले. चालणं फेंगडं झालं, मग अंगात ताप राहू लागला. डॉक्टरांनी मला बजावलं, आता उशीर केला तर जिवावर बेतेल.

मी तणतणत अण्णांकडे गेलो, म्हटलं कंपनीला आपणच खरमरीत लिहू. फाईल उघडली तर वरच मंजुरीचं पत्र! येऊन तीन आठवडे झालेले.

मी भडकलो. "अण्णा, मंजुरी दाबून ठेवलीत? मरायचंय का?"

त्यांनी फाईल माझ्या हातातून घेऊन मिटली.

"आमच्या हिचं पिशवीचं आप्रेशन. डाक्टर म्हटलं, बारकं हाय. ती म्हनत हुती, नगं, औषधावर बघू. म्या इचारलंच न्हाई. कागद म्होरं आला, भरला. अंगठा बी तिचा मीच धरून उठवला. स्वेच्छेनं." खिशातलं पेन काढून त्यांनी फाईलवर ठेवलं. "ती परत आली न्हाई, गुरुजी."

इतकी वर्षं मी या माणसाच्या कागदांना हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांना सांगलीला नेलं. संमतीपत्रावर सोबतच्या माणसाचीही सही लागत होती. मी पेन टेकवलं तसा अण्णांनी माझा हात धरला.

"आधी इचारा."

"अण्णा, तुमची इच्छा आहे का?"

नर्स ताटकळली होती. तरी मी घाई केली नाही.

"भ्या वाटतंय," ते म्हणाले. "पर हाय."