आधी व्याख्या, मग आंघोळ

कंपनीतलं 'समस्या निवारण' प्रशिक्षण आटोपून आल्यावर दीपकरावांनी ठरवून टाकलं, की यापुढे घरातली एकही समस्या व्याख्या केल्याशिवाय सोडवायची नाही. (तोपर्यंत घरात फारशा समस्याही नव्हत्या.)

भाऊबीजेला त्यांच्या बायकोचा, योगिनीचा, भाऊ रविराज नांदगावहून तब्बल तीन वर्षांनी आला. दाजींनी त्याची नवीकोरी मोटारसायकल 'सुधारून' दिली, तेव्हापासून त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. योगिनीने फोनवर रडून रडून त्याला यायला लावलं होतं. आता पुन्हा काही बिनसू नये, एवढंच ती देवाकडे मागत होती. तिने त्याला तेल लावलं, उटणं चोळलं आणि तो बाथरूममध्ये शिरला. दोन तांब्यांतच नळ कोरडा पडला. स्वयंपाकघरातही थेंब नाही.

"ताई, पाणी गेलं! डोळ्यात उटणं गेलंय!"

योगिनी बादली घेऊन शेजारी निघाली, तोच दीपकराव दारात आडवे आले.

"थांब! उपायावर उडी मारायची नाही. आधी समस्या सांग."

"पाणी नाही!"

"ते लक्षण झालं."

"अहो, माझा भाऊ आत आंधळा होतोय!"

"ती भावना झाली."

त्यांनी फ्रिजवरचा एक कागद ओढून टेबलावर पसरला आणि समस्येची कारणं मांडायला माशाच्या काट्यासारखी आकृती काढली. 'माणसाची चूक' या काट्यापाशी बराच विचार करून त्यांनी 'वरच्या मजल्यावरचे' असं लिहिलं.

"दाजी, लय चुरचुरतंय ओ!"

"रविराज, पाणी नेमकं किती वाजता गेलं? अंदाजे नको."

शेवटी टॉवेल गुंडाळून रविराजच चाचपडत बाहेर आला. हाताला लागला तो कागद उचलून त्याने डोळे पुसले आणि एक डोळा कसाबसा उघडला. समोर कागदाची मागची बाजू होती. त्याने मोठ्याने वाचलं,

"समस्या : नळ टपकतो. उपाय : गच्चीवरचा वॉल्व्ह बंद केला. परिणाम : शंभर टक्के यशस्वी. दीपक, आज सकाळी साडेआठ."

दीपकराव गच्चीकडे निघाले. योगिनी घाईने भावाची समजूत काढायला पुढे झाली. पण रविराज जो हसत सुटला, तो भिंतीला धरून खालीच बसला. मग तिलाही हसू आवरेना.

आंघोळ झाली, ओवाळणी झाली, श्रीखंडपुरीही झाली. दीपकरावांना अगदी भरून आलं.

"रविराज, तुझी मोटारसायकल खाली लावलीय ना? जाण्याआधी जरा नजर टाकतो."

"नाय दाजी," रविराज पाटावरून उठत म्हणाला, "म्हणून तर एसटीनं आलोय."