न आलेल्या कुत्र्याचं सुतक

जपानमधल्या योनागो शहरातल्या फुमिए इसोगाई या विधवा बाईंनी कुत्रा पाळायचं ठरवलं, ही बाब वस्तुतः खाजगी होती. ती सार्वजनिक झाली ती केवळ सभ्यपणामुळे.

इंटरनेटवर त्यांना शिबा जातीचं एक पिल्लू दिसलं. रंग लाल चवळीसारखा, एक कान पडलेला, किंमत दुकानातल्यापेक्षा निम्मी. विकणारे हान्यूदा नावाचे गृहस्थ दूर उत्तरेला होक्काइदो बेटावर राहत आणि फार सुसंस्कृत लिहीत. प्रत्येक निरोपाच्या आरंभी हवामानाची चौकशी, शेवटी तब्येतीची. नवरा गेल्यापासून फुमिएबाईंच्या तब्येतीची इतकी नेमाने चौकशी कोणी केली नव्हती.

"आई, पैसे पाठवायच्या आधी पिल्लू व्हिडिओवर दाखवा म्हणावं त्यांना," ओसाकाहून मुलगी चिहारू फोनवर म्हणाली.

"अगं, असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं झालं."

"नाहीच आहे ना!"

"तुझा नसेल. त्यांनी कालच माझ्या गुडघ्याचं विचारलं. तू विचारलंस?"

पैसे गेले. मग पिंजऱ्याचे गेले, मग विमानातल्या विम्याचे. दर वेळी हान्यूदांनी इतकी क्षमा मागितली, की फुमिएबाईंनाच ओशाळल्यासारखं झालं.

पिल्लू रविवारी यायचं होतं. आदल्या दिवशी फुमिएबाई मिठाईचे पुडे घेऊन गल्लीत घरोघर गेल्या आणि कमरेत वाकून म्हणाल्या, "उद्यापासून भुंकण्याचा त्रास होईल, सांभाळून घ्या." त्रास द्यायच्या आधीच माफी मागून ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे.

रविवारी पिल्लू आलं नाही. सोमवारी हान्यूदांचं संकेतस्थळ नाहीसं झालं. मंगळवारी मात्र शेजारच्या साकाकीबाईंची तक्रार आली. गल्ली समितीचे अध्यक्ष कुरामोची ती घेऊन दारात उभे राहिले.

"इसोगाईबाई, राग मानू नका. साकाकीबाई म्हणतात, रात्रभर भुंकतं. डोळ्याला डोळा लागत नाही त्यांच्या."

"पण कुरामोचीसाहेब, ते अजून आलेलंच नाही!"

"तुम्ही असं म्हणाल, असंही त्या म्हणाल्या. खरं तर त्यांना फार बोलायचं होतं. पण तुमची मिठाई खाल्लीय, म्हणून एवढ्यावर थांबल्या."

फुमिएबाई पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या तरुण हवालदाराने सगळं मनापासून ऐकून घेतलं.

"बाई, समोरासमोर दाखवल्याशिवाय कुत्रा विकता येत नाही, असा कायदा आहे."

"हो ना!"

"म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही विक्री झालेलीच नाही. जे झालंच नाही त्यात फसवणूक कुठे धरायची, हे मला वरिष्ठांना विचारावं लागेल." मग त्याने आवाज खाली आणला. "तोवर कुत्र्याला जरा आवरा. तुमच्या नावावर भुंकण्याची तक्रार आहे."

बँकेतली मुलगी त्या मानाने समजूतदार निघाली. तिने ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवायला लावलं. पण तळाशी थोडंसंच उरलेलं होतं. "या माणसाने आधी कुणाला तरी फसवलं असणारच," ती हळहळून म्हणाली. "त्यांनी वेळेवर कळवलं असतं, तर तुमची पाळी आली नसती हो."

इकडे समितीने भुंकण्याच्या प्रश्नावर उपसमिती नेमली. आपण फसलो हे सांगायची फुमिएबाईंना लाज वाटत होती, आणि नसलेला कुत्रा गप्प कसा करायचा हे कळत नव्हतं. कुरामोची पुन्हा दारात आले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ते गेलं हो. हातचं गेलं."

"गेलं" या शब्दाचा सभ्य माणूस जो अर्थ घेतो, तोच कुरामोचींनी घेतला.

संध्याकाळपर्यंत घरात उदबत्त्या, पांढरी शेवंती आणि सांत्वनाच्या पैशांची पाकिटं यांचा ढीग लागला. सगळ्यांत जास्त रडल्या साकाकीबाई. "काय गोड भुंकायचं हो! आता रात्र खायला उठते."

फुमिएबाईही रडल्या, आणि त्यांचं रडणं खरं होतं. त्या पडलेल्या कानाच्या फोटोशी त्या रोज जेवताना बोलत आल्या होत्या. पण पाकिटांकडे त्यांना बघवेना. समितीच्या पुढच्या बैठकीत त्या उठून उभ्या राहिल्या.

"मी फसले. पिल्लू नव्हतंच कधी. आपापली पाकिटं परत घ्या."

"धक्क्याने होतं असं," कोणीतरी मागून म्हणालं. तेव्हा त्यांनी हान्यूदांचे निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवले. वाचून संपेपर्यंत त्या बसल्या नाहीत.

बैठक संपल्यावर दाराशी बूट घालताना कुरामोची त्यांच्या कानाशी आले. "मार्चमध्ये," ते पुटपुटले. "मांजर. हेच हान्यूदा. माझ्या पाठीची फार चौकशी करायचे."

फुमिएबाई बघतच राहिल्या. "आणि मी मिठाई घेऊन तुमच्या दारात आले, तेव्हाही तुम्ही गप्प बसलात?"

"अध्यक्ष मांजरापायी फसला, हे बरं दिसलं असतं का?"

आयुष्यात पहिल्यांदाच फुमिएबाई कुणासमोर वाकल्या नाहीत. "चला चौकीत," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. नाहीतर मी इथेच मोठ्याने विचारते, की मांजर कुठल्या रंगाचं होतं."

कुरामोची निमूट निघाले. दोन तक्रारी झाल्यावर ती न झालेली विक्री कायद्यालाही दिसू लागली. कुत्रा आणि मांजर मिळून एक गुन्हा नोंदला गेला. उरलेल्या पैशांतला वाटा दोघांना मिळाला. हान्यूदा अजून फरार आहेत.

परवा भाजीच्या दुकानात साकाकीबाईंनी फुमिएबाईंना कोपऱ्यात घेतलं.

"निम्म्या किमतीत म्हणालात ना? त्या गृहस्थांचा पत्ता असला तर द्या की."

"अहो, भामटा आहे तो! सगळं वाचून दाखवलं ना मी?"

"ते ऐकलं हो. पण तुम्ही पडलात भोळ्या. मी आधी नीट पारखून घेईन."

ही हकिकत वाचताना तुम्हालाही दोनतीनदा वाटलं असेल, की आपण असतो तर पहिल्याच निरोपाला ओळखलं असतं. साकाकीबाईंचंही हेच म्हणणं आहे. हान्यूदांचा धंदा चालतो तो तुम्हा दोघांच्याच भरवशावर. भोळी माणसं निदान एकदा फसून थांबतात.