टिनकप घळीतली अदलाबदल

लिंडीने आखलेल्या बेतात चूक निघाली, असं एस्कलान्टे गावात कोणी म्हणून तर दाखवावं! चर्चच्या जेवणाला ती बटाटेसुद्धा माणशी मोजून उकडायची. हायरमच्या जन्माच्या वेळी दवाखान्याची पिशवी तिने सातव्या महिन्यातच भरून दाराशी ठेवली होती. त्या पिशवीला अडखळून तिचा नवरा डॅलिन दोनदा तोंडावर आपटला, तो भाग वेगळा.

"टिनकप घळीचं सगळं माझ्यावर सोडा," ती म्हणाली. "कोणाला काही आठवायचीसुद्धा गरज पडणार नाही!"

बेत असा होता. लिंडी आणि डॅलिन यांनी वरच्या अंगाने जीप हाकत कड्यापर्यंत जायचं आणि घळीत उतरून खाली चालत यायचं. नणंद रेलीन आणि तिचा नवरा थेन यांनी खालच्या अंगाने, बोटीने तलाव ओलांडून घळीच्या तोंडाशी यायचं आणि वर चालत यायचं. मधोमध, मोठ्या कपारीखाली, चौघांचं जेवण. तिथे किल्ल्यांची अदलाबदल. मग रेलीन-थेन वर जाऊन जीप घेणार आणि एस्कलान्टेला लग्नाला जाणार. लिंडी-डॅलिन खाली जाऊन बोट घेणार आणि तलावाकाठी सासूबाईंच्या घरी पोचणार. आल्या वाटेने परतायचं कारण कोणालाच नाही.

सासूबाई, म्हणजे लारू, सकाळीच नातवाला मागच्या सीटवर बांधून लांबच्या वळशाने आपल्या घरी निघाल्या होत्या. खरी मेख तिथेच होती. हायरम नऊ महिन्यांचा, आणि बाटलीला तोंड लावत नव्हता. सकाळी पोट भरून पाजलं होतं, दुपारी भाज्यांचा लगदा चालणार होता. पण संध्याकाळच्या दुधाला आई हवीच. जन्मापासून लिंडी त्याला सोडून कुठेच गेली नव्हती.

"अगं, माझी सहा वाढली," निघताना सासूबाई म्हणाल्या. "त्यातली दोन तर मी किराणा दुकानात विसरून आले होते. सगळी धडधाकट आहेत!"

लिंडीला याने धीर आला, असं म्हणता येणार नाही.

किल्ल्यांचा बंदोबस्त तिने स्वतः केला होता. घळीत कुठे घोट्याएवढं पाणी, तर कुठे छातीएवढं. किल्ली खिशातून वाहून गेली तर? म्हणून तिने बाळाच्या नासपतीच्या गराच्या दोन रिकाम्या डब्या धुऊन ठेवल्या. एक जीपच्या किल्लीला, एक बोटीच्या. फिरकीचं झाकण, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे. रेलीनला फोनवर बजावलं, "किल्ली डबीतच ठेव. आणि वाटेत उघडू नकोस!" शिवाय जीप आणि बोट, दोन्हींच्या जादा किल्ल्या तिने सुरक्षित जागी ठेवल्या होत्या. आता चुकायला उरलं काय?

सकाळ झकास गेली. मातीचा रस्ता असा वळ्यावळ्यांचा की जीपमध्ये बसलेला माणूस शिवणयंत्रावर बसल्यासारखा थरथरायचा. डॅलिन त्या थरथरत्या आवाजात गाणं म्हणत होता. कड्यापाशी लिंडीने जीपची सगळी दारं कुलूपबंद केली, आणि घळीत उतरल्यापासून ती आभाळ न्याहाळू लागली. वीस मैलांवर पाऊस पडला तरी घळीत लोंढा येतो. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. तरीही तिने दर वळणावर वर पाहिलं, आणि एकदा तसंच वर पाहता पाहता डोहात गेली.

कपारीखाली रेलीन आणि थेन आधीच पोचले होते. रेलीन पाठीवर गाजर घातलेली हिरवी जेली घेऊन आली होती! चार मैल उन्हातून. जेलीचं आता सरबत झालं होतं आणि गाजर त्यात पोहत होतं.

"प्या," रेलीन म्हणाली. "आणि आईला सांगू नका."

जेवण झालं. लिंडीची छाती दुधाने जड झाली होती, म्हणून ती पंप घेऊन मोठ्या दरडीआड गेली. परत आली तेव्हा पुरुषमंडळी गायब.

"कुठे गेले दोघं?"

"वर. कातळावरचे लाल हातांचे ठसे बघायला," रेलीन म्हणाली. "दर वेळी बघतात. ठसे काही हलत नाहीत."

"आणि किल्ल्या? बदलल्या?"

"थेनने? अगं, त्याचं डोकं मानेला जोडलेलं आहे म्हणून घरी येतं!"

लिंडीने उसासा टाकला. डॅलिनवरही तिचा याहून जास्त भरवसा नव्हता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, संसारी बायका पाहतात तसं. रेलीनने थेनच्या पाठपिशवीतून डबी काढली, लिंडीने डॅलिनच्या. तुझी मला, माझी तुला. बंदोबस्त झाला.

"पुरुषांच्या भरवशावर राहिलो असतो तर?" लिंडी म्हणाली.

"इथेच म्हातारे झालो असतो," रेलीन म्हणाली.

मग गळाभेटी झाल्या आणि दोन जोड्या दोन दिशांना गेल्या.

घळीच्या तोंडाशी हिरवंगार पाणी, पाण्यावर बोट, बोटीवर ऊन. सकाळपासून पहिल्यांदाच लिंडी आभाळाकडे पाहायला विसरली. दुधाच्या वेळेच्या आधीच पोचणार होते! डॅलिनने चिकटपट्टी सोडवली, झाकण फिरवलं आणि डबी तळहातावर उपडी केली.

घोड्याच्या केसांचा गोंडा असलेली, ओळखीची, लाडकी, जीपची किल्ली.

"हे कसं शक्य आहे?" डॅलिन म्हणाला. "मी स्वतः बदलली! तू दरडीमागे होतीस तेव्हा!"

"मी बदलली," लिंडी म्हणाली. "तू ठसे बघत होतास तेव्हा."

लिंडीने कॉलेजात गणित घेतलं होतं. उलट्याचं उलटं म्हणजे सुलट, हे तिला इतरांआधी कळलं. त्याचा उपयोग मात्र काही झाला नाही.

"बोटीची जादा किल्ली कुठे आहे?"

"सुरक्षित आहे."

"कुठे?"

"आईंच्या घरी. फ्रिजवरच्या वाडग्यात."

डॅलिन पाण्यापलीकडे पाहत राहिला. सासूबाईंचं घर त्या बाजूला होतं, चौदा मैलांवर. फोनला रेंज नव्हती. दोघं बूट बांधून पुन्हा घळीत शिरले.

कपारीपाशी पोचायच्या आधीच रेलीनचा आवाज कानी आला. घळीत आवाज घुमतो, त्यामुळे थेनला प्रत्येक गोष्ट तीनतीनदा ऐकावी लागत होती.

"मला सांगता येत नव्हतं, बदलली म्हणून?"

"तू विचारलंस कुठे?"

"ऐका!" लिंडी धावत पुढे झाली. "भांडू नका. बदलू या. पण या वेळी उघडून! डोळ्यांनी बघून!"

थेनने डबी घेतली. झाकणाच्या आट्यात वाळू गेली होती. ते फिरेना. त्याने दात लावले. फिरेना. मग डबी मांडीत आवळून त्याने अंगातला सगळा जोर लावला. फट्! झाकण एकीकडे, थेन दुसरीकडे, आणि बोटीची किल्ली उन्हात चमकत, सुरेख कमान घेत डोहात. टुबुक!

"काळजी नको!" डॅलिन ओरडला. "तिला नारिंगी फोमचा गोळा आहे. तरंगेल!"

सगळे पाण्याकडे बघत राहिले. काही तरंगलं नाही.

"गोळा काढलाय," रेलीन हळूच म्हणाली. "डबीत मावत नव्हता. लिंडीनेच सांगितलं फोनवर, काढून टाक म्हणून."

तिघांनी लिंडीकडे पाहिलं. लिंडीने सवयीने आभाळाकडे पाहिलं.

मग चौघं कमरेएवढ्या पाण्यात उतरून चिखल चिवडू लागली. तळाचा चिखल असा की पाय घातला तर बूट ठेवून घ्यायचा. एक बेडूक निघाला, कोणाचा तरी मोजा निघाला, थेनचा डावा बूट गेला. किल्ली नाही.

"जीपची आहे ना?" थेन म्हणाला. "चला सगळे वर."

"आणि मग तो मातीचा रस्ता, मग सगळा वळसा? हायरमपाशी पोचेपर्यंत मध्यरात्र होईल!" लिंडीचा आवाज चिरकला. "खाली चला. शनिवार आहे, तलावावर बोटी असतील. कोणीतरी ओढून नेईल."

तिच्या तोंडाकडे पाहून कोणी वाद घातला नाही. आल्या वाटेने परतायला नको म्हणून जिचा बेत आखला होता, ती घळ लिंडी आता तिसऱ्यांदा पाहत होती. सावल्या लांबल्या होत्या. आता हायरम रडत असेल. आता रडून रडून निळा पडला असेल. आता आईंनी त्याला साखरेचं पाणी दिलं असेल!

घळीच्या तोंडाशी त्यांच्या बोटीला लागून दुसरी बोट उभी होती. तीत सासूबाईंच्या शेजारचा म्हातारा ऑर्व्हल हॅट तोंडावर घेऊन झोपला होता. आणि त्यांच्या बोटीत, घडीच्या खुर्चीवर, हातात गळ घेऊन, सासूबाई! मांडीवर लाइफ जॅकेट घातलेला हायरम. ते पट्टे लिंडीने तिथूनच एक एक करून तपासले. तो गुलाबी, गोलमटोल आणि अत्यंत सुखात होता. तोंडात काहीतरी चघळत होता.

"आलात?" सासूबाई म्हणाल्या. "मासे इथेच चांगले लागतात, म्हणून ऑर्व्हलला म्हटलं, चल. पण तुम्ही चौघं कसे? लग्न मोडलं का?"

"आई, त्याचं दूध..."

"बाटली? दोन संपवल्या."

"पण तो बाटलीला तोंडच लावत नाही!"

"तुझ्या हातून लावत नसेल."

लिंडीने बोटीत पडलेल्या रिकाम्या बाटल्या स्वतः मोजून पाहिल्या, दोन होत्या. तेवढ्यात डॅलिन वाकून हायरमच्या तोंडाकडे बघू लागला.

"आई, हा काय चघळतोय?"

"फ्रिजवरच्या वाडग्यातलं काहीतरी. दात शिवशिवत होते बिचाऱ्याचे. मी उकळून दिलंय हो! नाहीतर लिंडी मला ओरडेल."

बोटीची जादा किल्ली.

ती काढून घेताच हायरमने जो टाहो फोडला, तो समोरच्या कड्यावर आपटून परत आला. ऑर्व्हल जागा झाला. सासूबाईंनी गळ हलवून दाखवला, रेलीनने टाळ्या वाजवल्या, थेनने उरलेला बूट दाखवला. काही उपयोग नाही. शेवटी लिंडीने त्याला कडेवर घेतलं आणि खिशातून घोड्याच्या केसांचा गोंडा किल्लीसकट काढून त्याच्या मुठीत दिला. हायरम हुंदका देता देता थांबला. गोंडा तोंडात गेला. शांतता! बोटीचं इंजिन गुरगुरलं आणि बोट काठापासून दूर निघाली.

लिंडीने सासूबाईंकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच तिची मान ताठ झाली.

"शेवटी आईलाच कळतं," ती म्हणाली, "बाळाला काय हवं ते."

हायरमने गोंडा तोंडातून काढला, नीट निरखला, आणि हात लांब करून पाण्यात सोडून दिला.

टुबुक.

तिथे तळ फार खोल होता.

"असू दे गं," सासूबाई गळ गुंडाळत म्हणाल्या. "जीपला दुसरी किल्ली असेलच की."

"आहे ना!" डॅलिन म्हणाला. "लिंडीने सुरक्षित जागी ठेवलीय. कुठे गं?"

लिंडीने हायरमच्या जॅकेटचा आधीच घट्ट असलेला पट्टा आणखी घट्ट केला.

"जीपमध्ये," ती म्हणाली.