सुई-निवड मंडळाचा ठराव

घाईनं केलेलं काम आणि बायकांना विचारून केलेलं काम, दोन्ही टिकत नाहीत, असं शहाणी माणसं सांगतात. आमच्या घरी फोनोची सुई निवडायची होती, तेव्हा मंडळींनी दोन्ही धोके टाळले.

फोनो कारंज्याहून कामरगावात बैलगाडीनं आला. तबकडी एकच होती, माझी जाऊ चतुराबाई हिच्या भावाची. लखीराम रिसोडचा. मुंबईला जाऊन भजनाची एक तबकडी भरून आला आणि त्याच साली पटकीत गेला. कंपनीनं दुसरी काढली नाही. चतुराबाईचं मागणं एवढंच, की भावाचा आवाज एकदा कानावर पडावा.

"थांबा वहिनी," आमचे घरधनी म्हणाले, "आधी सुई ठरू द्या. कोन्त्याही सुईतून भाऊ आयकसान काय?"

यात खोट काढायला जागा नाही. लगेच मंडळ बसलं. घरधनी अध्यक्ष. मारोतराव सभासद (दोन्ही कानांनी कमी ऐकतात, म्हणून निःपक्षपाती). मंगरूळचे गफ्फारमिया घड्याळं दुरुस्त करतात, फोनोही जाणतात. त्यामुळे त्यांना मत नव्हतं.

"रावसाब, एक सुई, एक गाना. मंग फेकून द्या," गफ्फारमिया म्हणाले. "बोथट सुई तबकडी खाते."

मंडळाला ही उधळपट्टी वाटली. या घरात तीन पिढ्यांत सुई हरवली असेल, फेकली कोणी नाही. विळ्याला धार लावायचा दगड होताच. बोथटली की घासायची, असं एकमतानं ठरलं. (गफ्फारमिया त्या दिवशी गेले ते आले नाहीत. शिस्त सगळ्यांना झेपत नाही.)

परीक्षेला चार सुया: मोठ्या आवाजाची, मधली, हळू, आणि चौथी म्हणून मारोतरावांनी शेताच्या धुऱ्यावरून आणलेला बाभळीचा काटा. प्रत्येकीला नऊ फेऱ्या. तीन दार उघडून, तीन लावून, तीन जेवण झाल्यावर. जातं बंद, उखळ बंद. बायका परसात, कारण बांगड्या वाजतात. चतुराबाई विधवा, तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. तिला पाठवलं कारण ती रडली असती, आणि रडण्यानं निकाल बिघडतो.

छत्तीस फेऱ्यांनंतर मतं बरोबरीत आली (मतं दोन). म्हणून पुन्हा छत्तीस. मी दुसरीच्या पुढं शिकले नाही, पण छत्तीस दुणे किती ते मलाही येतं.

सतराव्या दिवशी ठराव झाला. चतुराबाईला मानानं पुढं बसवलं. तबकडी फिरली. सुपात तूर पाखडावी तसा आवाज आला, तो शेवटपर्यंत तसाच.

"काय म्हन्ता वहिनी? सुई कशी हाय?"

चतुराबाईनं पदर डोळ्यांना लावला नाही. म्हणाली, "तोच हाय भाऊजी. लहानपनी निजला की असाच घोरे. आता निजूच द्या त्याले."

मंडळानं हे प्रशस्तिपत्र म्हणून लिहून घेतलं.

वाचणाऱ्यांपैकी निम्मे आता हळहळतील. हळहळ ओसरली की तेही बाकीच्यांसारखंच विचारतील: पण बाई, शेवटी सुई कोणती ठरली?

या, बसा. मंडळात तिसऱ्या मताची जागा रिकामी आहे.