न कापलेली अळंबी

मास्तरांनी घरातल्या शिवणयंत्रावर जे आणून ठेवलं, ते पाहून मास्तरीणबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. पांढरंशुभ्र, गरगरीत, माणसाच्या डोक्याएवढं काहीतरी. दुकानामागच्या माळावर सापडलेलं हे धन मास्तरांनी कोटात गुंडाळून, तान्हं बाळ आणावं तसं आणलं होतं.

"अळंबी आहे ही," मास्तर म्हणाले. "जन्म गेला मापं घेण्यात, पण असला घेर पाहिला नाही." त्यांनी गळ्यातली टेप तिच्याभोवती फिरवली आणि सवयीने शिलाईसाठी दोन बोटं जास्त धरली.

कसली आहे ते कळल्याशिवाय ती माझ्या चुलीवर चढणार नाही, असं बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. मग मास्तरांनी साडूंना फोन लावला. साडू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी बजावलं, की आधी वरून खाली मधोमध कापा. आतून पावासारखी पांढरीफेक हवी. पिवळट झाक नको, आत देठाची किंवा छत्रीची आकृतीही दिसायला नको, कारण काही जहाल विषारी जाती लहानपणी अशाच गोल असतात. आणि मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी तोंडात घालायची नाही. "पण कापा आजच. ती काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

मास्तरांनी सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. कापली तर लोकांना काय दाखवायचं?

त्यांनी ती दुकानात नेली. काचेमागे सूट घातलेला बिनडोक्याचा पुतळा होता, त्याच्या मानेवर ती अशी फिट्ट बसली की जणू मापानेच उगवली होती. तासाभरात दुकानापुढे ही गर्दी. शेजारच्या न्हाव्याने आपला वाटा सांगून ठेवला. बेकरीवाल्याने लोणी कबूल केलं, लॉन्ड्रीवाल्याने मोठी कढई. भांडण नको म्हणून मास्तरांनी खडूने अळंबीवर वाटे आखले. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर उद्या येतो म्हणाला, तेव्हा मास्तरांनी साडूंनाही उद्याच बोलावलं. बाईंनी दोनदा विचारलं, "अहो, कापताय ना?" मास्तर पुतळ्याचा टाय सारखा करत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे ताटल्या घेऊन हजर. साडूंनी सुरी चालवली, फोटोग्राफरने कॅमेरा रोखला, मास्तरांनी छाती फुगवली. अळंबी दुभंगली. आत पिवळा-हिरवा लिबलिबीत गर, आणि ओल्या मोज्यांसारखा भपकारा. गर्दी एक पाऊल मागे सरली. न्हाव्याने ताटली पाठीमागे लपवली आणि आपलं पोट सकाळपासूनच बरं नसल्याचं सांगितलं.

"काल कदाचित चांगली असेल," साडू हळूच म्हणाले. "आता फेका."

फोटो मात्र निघाला. त्यात मास्तरांचा चेहरा अळंबीपेक्षा जास्त उतरलेला होता.

दुपारी मास्तर घरी जेवायला बसले. त्यांची समजूत घालायला साडूही थांबले होते. जेवता जेवता ते बोलून गेले, "ताई, पण कालची तुमची काय झकास झाली होती."

मास्तरांचा घास हातातच राहिला. बाईंनी शांतपणे भात वाढला. काल मास्तर पुतळा सजवत होते, तेव्हा त्या माळावर गेल्या होत्या. तिथे आणखी दोन होत्या, लहान. त्या थेट बहिणीकडे नेल्या. साडूंनी कापून पाहिल्या, कडेपासून गाभ्यापर्यंत नीट तपासल्या आणि खायच्याच असल्याची खात्री दिली. मग चांगल्या खरपूस परतून सगळ्यांनी बेताने खाल्ल्या.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांनाही सूट घातला असता तुम्ही."

बाईंनी फ्रिजमधून एक वाटी काढली, पुन्हा सणसणीत गरम केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मास्तरांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. चेहरा उजळला, हसू पसरत पसरत कानांपर्यंत गेलं. मग ते वाटी घेऊन उठले आणि चपला शोधू लागले.

"आता कुठे?"

"न्हाव्याला नुसती दाखवून येतो."