वर्लनची सव्वा किलोची कंबर

"कुणाच्या बापाला कळणार नाही!" वर्लन पिकेटनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली. ती अर्थातच त्याच्या बायकोला, ओपलला पुसावी लागली.

पूर्व टेक्ससमधल्या त्यांच्या छोट्या चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर चार माणसं बसत. चौघांच्याही कमरेला पिस्तूल. चर्चचे रखवालदारच म्हणा ना! त्यातले म्हातारे कॉय मुलीकडे राहायला गेले आणि एक जागा रिकामी झाली. वर्लन सहा वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होता. पण ब्रदर डॅरेल, म्हणजे तिथले पाद्री, यांची अट होती: दोन रविवार पिस्तूल लावून सगळ्यांत बसायचं, आणि एकाही माणसाला पत्ता लागता कामा नये. "लोक प्रार्थनेला येतात, वर्लन. छावणीत नाही."

"मग हलकं घे की," ओपल म्हणाली. "दुकानदार सांगत होता, अर्ध्या किलोचीसुद्धा मिळतात."

"ती खेळणी! हे माझ्या वडिलांचं आहे. अस्सल पोलाद! भरलं की सव्वा किलो. आपण काहीतरी घातलंय हे माणसाला जाणवलं पाहिजे!"

"जाणवेल, जाणवेल," ओपल म्हणाली.

पहिल्या रविवारी आरशासमोर सगळं झकास दिसलं. कारण आरशासमोर वर्लन नुसता उभा होता! गाडीत बसताच मूठ बरगडीत रुतली आणि नळीनं मांडीचा ताबा घेतला. चर्चच्या पायऱ्या चढेपर्यंत पँट उजवीकडून चार बोटं खाली आली होती. जुलैच्या उकाड्यात अंगात कोट! प्रत्येक गाण्याला उठायचं, उठताना कोपरानं पँट वर ढकलायची आणि बसताना सगळा भार डाव्या कुल्ल्यावर घ्यायचा. तासाभरात बिचारा घामानं निथळला.

बाहेर पडताना मिस नॅडीननं त्याला गाठलं. ही एकोणऐंशी वर्षांची बाई. लहानपणी वर्लनला बायबलच्या गोष्टी तिनंच शिकवल्या होत्या. वर्लन आता त्रेसष्ट वर्षांचा, पण तिच्या लेखी अजून सातचाच.

"बाळा, खुबा गेला ना तुझा?"

नाही म्हणावं, तर मग वाकडा का चालतोस? वर्लन पुटपुटला, "जरासा."

झालं! संध्याकाळपर्यंत त्याचं नाव आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेच्या यादीत चढलं आणि अकरा बायकांनी एकमेकींना फोन केले. सोमवारी सकाळपासून दारावरची घंटा थांबेना. चिकन-नूडल्सची तीन भांडी आली, तिन्हींवर तेच चीज! शेकायची पिशवी आली. आधाराची काठी आली. मिस नॅडीन तर संडासावर बसवायची उंच बैठक घेऊन आली.

"माझ्या हॅरलनची आहे," ती म्हणाली. हॅरलन म्हणजे तिचा वारलेला नवरा. "स्वच्छ धुतलेली आहे."

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि बैठक स्वतः बसवूनच गेली.

"सांगून टाक ना एकदाचं," ओपल म्हणाली.

"आणि बाक घालवू? आता एकच रविवार राहिलाय!" वर्लन तणतणला. "चूक तोलाची आहे. उजवीकडे सव्वा किलो आहे ना? मग डावीकडेही वजन टाकायचं!"

दुसऱ्या रविवारी डाव्या बाजूला काडतुसांच्या दोन पेट्या, विजेरी आणि चाकू लटकले. वर पँट धरून ठेवायला खांद्यावरून पट्टे. आता पँट दोन्हीकडून सारखीच घसरू लागली! वर्लन पाय फाकून, बदकासारखा आत आला.

"अरे देवा, दुसराही गेला!" मिस नॅडीन भर चर्चमध्ये ओरडली. "ब्रदर, याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायलाच हवी. आत्ताच्या आत्ता!"

ब्रदर डॅरेलना सगळं ठाऊक होतं. ते चाचरले. "नंतर बघू या."

"नंतर म्हणजे कधी? पुरल्यावर?"

वर्लनला ओढत पुढे नेलं. डझनभर हात खांद्यावर, पाठीवर पडले. तो कोपरं अंगाशी घट्ट आवळून उभा राहिला. पण दुखतं तिथंच हात ठेवायचा, असं मिस नॅडीनचं ठाम मत! तिचा हात कोटाखाली शिरला आणि थबकला.

"गाठ आहे," ती कुजबुजली. "दगडासारखी!"

"इकडेही आहे!" डावीकडची बाई किंचाळली. "इकडे तर तीन-चार आहेत!"

चर्चमध्ये हुंदके फुटले. पियानोवाल्या बाईनं दफनाच्या वेळचं गाणं हळूच सुरू केलं. कुणी डॅलसच्या सर्जन भाच्याला फोन लावू लागलं. ओपलनं गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसलं होतं. तिचे खांदे गदगदत होते, आणि शेजारणी तिला धीर देत होत्या!

अजून वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं दम धरला की बाक त्याचा!

तेवढ्यात मिस नॅडीन रडत म्हणाली, "माझा हॅरलनही 'जरासं' म्हणायचा, बाळा. मी ऐकलं आणि गप्प बसले."

वर्लनला स्वतःची भयंकर लाज वाटली. "मिस नॅडीन, गाठ नाही! पिस्तूल आहे ते! माझे दोन्ही खुबे शाबूत आहेत!"

पियानो थांबला. मिस नॅडीननं रुमालानं डोळे पुसले आणि त्याच रुमालानं त्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली. "माझ्या हॅरलनची बैठक परत आण. घासून!"

प्रार्थना संपल्यावर ब्रदर डॅरेलनी नवराबायकोला आपल्या खोलीत बोलावलं.

"बाक गेला ना?" वर्लननं पडलेल्या आवाजात विचारलं.

"गेला. पण जागा तर भरायलाच हवी. रोज पिस्तूल बाळगणारं, आणि आठ वर्षांत कुणालाही न कळलेलं एक माणूस आहे आपल्याकडे. माझी परवानगी घेतलेली, म्हणून मला तेवढं माहीत."

"कोण तो?"

ब्रदर डॅरेलनी ओपलकडे पाहिलं.

"ही?" वर्लन उडालाच. "आठ वर्षं? अहो, माझ्या शेजारी झोपते ही!"

"झोपताना काढते," ओपल म्हणाली. "पाव किलोच्या जरा वर आहे. कधीकधी मीच विसरते."

तिसऱ्या रविवारी ओपल मागच्या बाकावर जाऊन बसली, फुलाफुलांच्या पातळ झग्यात. वर्लन पुढे, मिस नॅडीनच्या शेजारी. त्या झग्यात पाव किलो लपवायला जागा आहे तरी कुठे? त्यानं एकदा वळून पाहिलं. दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मान वळवली तेव्हा ब्रदर डॅरेलना प्रवचन थांबवावं लागलं.

"वर्लन, पुढे बघ. कितीही पाहिलंस तरी तुला दिसायचं नाही."