मला काय करायचंय म्हणा, पण…

"मला काय करायचंय म्हणा, पण एवढं जाड लोणी लावायला आपण काही राजवाड्यात राहत नाही," असं म्हणून मिसेस मेबल ग्रिमशॉ यांनी जावयाच्या टोस्टवरचं निम्मं लोणी सुरीने खरवडलं आणि परत बशीत ठेवलं.

"मी जरा कोळसा बघून येतो," एवढंच म्हणून डेनिस उठला, मागच्या अंगणातल्या कोळशाच्या खोपटाशी जाऊन उभा राहिला आणि सासूबाईंचं वाक्य त्याने दोनदा घोकून पाठ केलं. कोळशाची ही काळजी तो अधूनमधून घ्यायचा. घरात कर्त्या पुरुषाने असल्या गोष्टींकडे लक्ष ठेवावं, असं त्याचं मत होतं.

डेनिस ट्रॅन्टर स्टॉकपोर्टमध्ये गालिचे विकायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नगरपालिकेच्या घरासाठी अर्ज केला होता, पण त्याआधी अर्ज केलेल्यांची मुलं आता शाळेत जायला लागली होती. म्हणून डेनिस आणि त्याची बायको मॉरीन, दोघं मेबलबाईंच्या माडीवरच्या मागच्या खोलीत राहत. खोली चांगली होती. फक्त जिन्याची पाचवी पायरी करकरायची, आणि ती करकरली की खालून आवाज यायचा, "मला काय करायचंय म्हणा, पण माणसं इतक्या उशिरा वर-खाली कशाला करतात?" या दोन वर्षांत सासूला हाक काय मारायची हेही ठरलं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. इंग्लंडात अशा गोष्टी विचारायची पद्धत नाही. त्यामुळे डेनिस त्यांना 'मिसेस ग्रिमशॉ' म्हणायचा, किंवा त्या आपल्याकडे बघेपर्यंत नुसता थांबून राहायचा.

अशा या डेनिसने एका नव्या जोडप्यावर टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहिली, आणि कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण मँचेस्टरच्या एका कंपनीने ती घेतली. लोकांना आवडली तर पुढचे भाग मिळणार होते, आणि पुढचे भाग मिळाले तर स्वतःचं घर. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, न करकरणारा जिना. मॉरीनने तर मनातल्या मनात पडदेसुद्धा शिवायला घेतले होते.

"डेनिस, त्यात माझी आई नाही ना रे?" तिने एकदा विचारलं.

"छे! काहीतरीच काय! त्यातली सासू उंच आहे."

"आई उंचच आहे."

"ही फार उंच आहे. शिवाय तिच्याकडे मांजर आहे. तुझ्या आईला मांजर चालतं का?"

मॉरीनचं समाधान झालं नाही, पण मांजराचा मुद्दा बिनतोड होता.

खरं सांगायचं तर खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, ते डेनिस अगदी मनापासून करत होता. पण तो भित्रा असला तरी बेसावध नव्हता. मेबलबाईंकडे पूर्वी मिस्टर पिम नावाचे एक भाडेकरू होते. बँकेतले, सभ्य गृहस्थ. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "ग्रेव्ही जरा पातळ झालीय, नाही?" पुडिंग येण्याआधी त्यांची बॅग फुटपाथवर होती. ग्रेव्हीला ही शिक्षा, तर अख्खी घरमालकीण टीव्हीवर नेऊन बसवणाऱ्याला काय असेल? म्हणून डेनिसने सासूला मांजर दिलं, तिचं गाव बदललं, आणि ते 'मला काय करायचंय म्हणा' सबंध पहिल्या भागात फक्त एकदाच ठेवलं. मालिकेतला नवराही त्याने मोठ्या खुबीने दुकानातल्या रेजिनाल्डवरून घेतला. तोंडातून शब्द न फुटणारा, बावळट प्राणी. घरात जरा कुठे खुट्ट झालं की हा म्हणणार, "मी जरा सायकलमध्ये हवा भरून येतो," आणि पसार. ते पात्र लिहिताना डेनिसला इतकं हसू यायचं की डोळे पुसावे लागायचे.

पण मालिका एकट्याची नसते. दिग्दर्शकाला ते वाक्य सापडलं. "अहो, हे सोनं आहे!" तो म्हणाला. "हे पाच वेळा हवं!" मग कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी नटीच्या डोक्यावर हिरवी टोपी चढवली. टोपीला तितराचं पीस होतं.

मेबलबाईंची टोपी हिरवी होती आणि तिलाही पीस होतं. ती त्या घरातसुद्धा घालून बसत, म्हणजे आपल्याला बाहेर बरीच कामं आहेत हे लोकांना कळावं.

"टोपी दुसरी नाही का चालणार?" डेनिसने विचारलं.

"बाजारातली प्रत्येक सासू हीच घालते, बाळा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्यात आणखी एक टाचणी खोचली.

गुरुवारी संध्याकाळी पहिला भाग होता. डेनिसला वाटलं होतं, मेबलबाई त्या वेळी बिंगोला जातील. पण मेबलबाईंनी बिंगो रद्द केला, दर्शनी खोलीत शेगडी पेटवली, सामन माशाची सँडविचेस केली, पीचचा डबा फोडला, आणि डेनिसच्या आईला, म्हणजे विनीला, बोलावणं धाडलं. शेजारच्या मिसेस लोमॅक्स न बोलावताच आल्या.

"आपल्या घरातलं माणूस टीव्हीवर लिहितंय," मेबलबाई टोपी सारखी करत म्हणाल्या. "मला काय करायचंय म्हणा, पण बघायला नको?"

डेनिसचा मात्र बेत तयार होता. मेबलबाईंचा टीव्ही भाड्याचा होता आणि त्याच्या पाठीला नाण्यांची पेटी होती. नाणं टाकलं की टीव्ही चालायचा, वेळ भरली की डोळे मिटायचा. डेनिसने हिशोब केला, तर सासू पडद्यावर येण्याच्या सुमारालाच त्याचे डोळे मिटणार होते. तेव्हा घरात नाणंच नसलं म्हणजे झालं. त्याने फायरप्लेसवरचा जार रिकामा केला. मॉरीनची पर्स झाली, मेबलबाईंच्या कोटाचा खिसा झाला. दारात येणाऱ्या पाहुण्यांकडूनही त्याने नोट देऊन सुट्टे घेतले. "बसचा कंडक्टर फार कुरकुरतो हो," तो म्हणाला. मग ही सगळी चिल्लर कुणाला सापडणार नाही अशा ठिकाणी लपवून तो आरामात येऊन बसला. इतका आरामात की त्याने सँडविच दुसऱ्यांदा घेतलं.

मालिका सुरू झाली. नवं जोडपं दिसलं, छोटीशी खोली दिसली. मिसेस लोमॅक्स म्हणाल्या, "पडदे बघा, पडदे!" पडद्यावर दाराची घंटा वाजली. दाराच्या काचेपलीकडे एक उंच सावली दिसली आणि सावलीच्या डोक्यावर पीस.

टीव्ही बंद पडला.

"अरेरे!" डेनिस मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणाला. "नेमका आत्ताच!"

पर्सेस उघडल्या, कोट झटकले, सोफ्याच्या फटीत हात घालून झाले. नाणं म्हणून कुठे नव्हतं. मॉरीन नवऱ्याकडे टक लावून बघत होती. डेनिस छताकडे.

"जाऊ दे," मेबलबाई उठत म्हणाल्या. "नशिबात नव्हतं. मी आपला चहा टाकते."

डेनिसचा हातातला घास हातातच राहिला. इंग्रज माणसाने घरात काहीही कुठेही लपवावं, पण चहाच्या डब्यात लपवू नये. या देशात जन्म झाला, चहा. पोर परीक्षेत नापास झालं, चहा. युद्धात शेजारच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हाही मेबलबाईंनी आधी किटली ठेवली होती आणि मग खिडकीतून बघितलं होतं. हे सगळं ठाऊक असून डेनिसने सबंध घरातून तोच डबा निवडला होता, कारण डबा म्हटल्यावर इंग्रजाच्या डोळ्यांसमोर पहिला तोच येतो.

स्वयंपाकघरात खणखणाट झाला. मेबलबाई डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"डेनिस. चहात चिल्लर कशी?"

"ओलावा," डेनिस म्हणाला. "म्हणजे, ओलावा धरत नाही म्हणतात. नाण्यांमुळे. मी जरा कोळसा बघून…"

"खाली बैस."

तो बसला. नाणं पेटीत पडलं आणि टीव्हीने डोळे उघडले. पडद्यावरची सासू तोवर घरात शिरून बसली होती. तिने फायरप्लेसवरून बोट फिरवून धूळ बघितली. जावयाच्या टोस्टवरचं लोणी खरवडलं. मग मान कलती केली, पीस हललं, आणि ती म्हणाली, "मला काय करायचंय म्हणा, पण…"

टीव्हीतली माणसं खो खो हसली. खोलीत कुणी हसलं नाही. डेनिसला आपली बॅग कुठे ठेवलीय ते आठवेना. मेबलबाई ताठ बसल्या होत्या, टोपीसकट, आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. इकडे पडद्यावरचा नवरा उठला, "मी जरा सायकलमध्ये हवा भरून येतो," असं पुटपुटला आणि दाराला धडकून बाहेर गेला.

तेव्हा मेबलबाईंच्या घशातून किटली शिट्टी द्यायच्या आधी करते तसा आवाज आला. मग त्या हसल्या. हात मांडीवर आपटत, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. त्यांचं बघून विनी हसली, मग मिसेस लोमॅक्स.

भाग संपल्यावर मेबलबाईंनी डेनिसला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं. "हुबेहूब तुझी आई आहे रे ती," त्या कुजबुजल्या. "पण तिला कळलं नाही हं. आपणही बोलायचं नाही. वाईट वाटेल बिचारीला."

पॅसेजमध्ये कोट चढवताना विनीने त्याचा कान जवळ ओढला. "राजा, तुझ्या सासूला पत्ताच नाही! मी एक अक्षर बोलणार नाही."

डेनिस त्या संध्याकाळी शीळ घालत जिना चढला. पाचवी पायरी करकरली, पण खालून कुणी काही बोललं नाही.

मग मालिकेने जोर धरला. खाटीक मटण तोलताना म्हणायचा, "मला काय करायचंय म्हणा, पण मूत्रपिंडं ताजी आहेत." चर्चमध्ये पाद्रीबाबा एकदा पापाबद्दल बोलता बोलता ते म्हणून गेले आणि लोक देवाच्या दारात हसले. मेबलबाई जुन्या सवयीने ते वाक्य बोलायच्या, तर सगळं दुकान हसायचं. "मी नक्कल बरी करते म्हणतात," त्या घरी येऊन सांगायच्या. डेनिस मान डोलवायचा. दुसऱ्याला स्वतःचं रूप कधी दिसत नाही, या विचाराने त्याला मनुष्यजातीची कीव यायची.

जुलैमध्ये कंपनीने पुढच्या भागांना होकार दिला आणि डेनिस-मॉरीनला दोन गल्ल्यांपलीकडे घर मिळालं. लहान होतं, पण किल्ली त्यांची होती. जुन्या घरातल्या शेवटच्या रविवारी मेबलबाईंनी बीफ भाजलं. ग्रेव्ही दाट होती.

"आम्ही दर रविवारी येऊच, मिसेस ग्रिमशॉ," डेनिस मोठ्या मनाने म्हणाला.

"या," मेबलबाई म्हणाल्या. "मला काय करायचंय म्हणा, पण पुढच्या भागापासून त्या बाईचं पीस डावीकडे लावायला सांग. माझं डावीकडे असतं."

डेनिसच्या काट्यावरचा बटाटा ताटात पडला.

"पण तुम्ही तर म्हणालात, ती माझी आई…"

"विनीची टोपी निळी आहे. आणि मी तसं म्हणाले नसते तर तू महिनाभर त्या खोपटातून बाहेर आला नसतास."

"मग तुम्ही एवढ्या हसलात कशाला?"

"माझ्यावर नाही हसले बाबा! टोपी दिसली तेव्हाच ठरवलं होतं, हे संपू दे, याची बॅग फुटपाथवर. पिमच्या बॅगेसारखी. मग तो नवरा आला."

"तो होय! तो आमच्या दुकानातला रेजिनाल्ड आहे," डेनिस उत्साहाने म्हणाला. "असला बावळट आहे ना!"

मेबलबाईंनी मॉरीनकडे बघितलं. मॉरीन ताटातले वाटाणे एका रांगेत लावत होती.

"त्या रेजिनाल्डकडे सायकल आहे?" मेबलबाईंनी विचारलं.

डेनिसने विचार केला. रेजिनाल्ड बसने यायचा. घरी काही झालं तर तो काय करतो? चांगला मोठ्याने भांडतो, असं तोच एकदा सांगत होता.

"मी म्हटलं," मेबलबाई ग्रेव्ही वाढत म्हणाल्या, "या पोराने मला पिसासकट ओळखलं आणि स्वतःला काही ओळखलं नाही. असल्याला बाहेर काढलं तर तो जाईल कुठे? दिव्याखालच्या अंधारावर कुणी रागावतं का? आणि हे बघ, ते मिसेस ग्रिमशॉ, मिसेस ग्रिमशॉ आता पुरे झालं. आई म्हण."

डेनिसचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं, मिटलं. खुर्ची मागे सरकली.

"मी जरा…"

"जा!" दोघी एकदम म्हणाल्या.

तो दाराला धडकून बाहेर गेला. घरातून मायलेकींचं हसणं ऐकू येत होतं. डेनिसने खोपटाचं दार उघडलं आणि आत बघत उभा राहिला. जुलै महिना होता. आत कोळसा नव्हताच, तो एप्रिलमध्येच संपला होता.